कृष्णराजाचा गोतावळा

मराठवाड्यात सोयरिकीची बोलणी निघाली की मुलाचे शिक्षण, पगार, शेती हे विषय नंतर येतात. आधी मामेकूळ विचारले जाते. आईचे माहेर कुठले, आत्या कोणत्या गावी दिली, थोरल्या चुलत्याचे व्याही कोण, याची उजळणी होते आणि तासाभरात कुठल्या तरी वळणावर दोन्ही घरांचे जुने नाते निघतेच. मग मंडळी सैलावतात आणि बोलणी पुढे सरकतात.

अकराशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या एका घराण्याने हा नात्यागोत्याचा हिशेब थेट नर्मदेपासून कावेरीपर्यंत मांडला होता. त्यात बहिणी होत्या, भाचे होते, साडू आणि मेहुणे होते. फरक इतकाच, की आपल्याकडे सोयरिकीत मानपानावरून रुसवे होतात, त्यांच्याकडे राज्ये जात असत. हे घराणे राष्ट्रकूटांचे. स्वतःला ते लट्टलूरपुरवराधीश्वर, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी, असे म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. अमोघवर्षासारखा सम्राट मान्यखेटाला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मालखेडला, राजधानी थाटून बसला तरी बिरुद लातूरचेच लावी. पुण्या-मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूस आडनावात गावाचे नाव जपतो, त्यातलाच हा प्रकार.

या घराण्याचा अखेरचा खरा पराक्रमी पुरुष म्हणजे कृष्ण, तिसरा. इ. स. ९३९ ते ९६७ हा त्याचा राज्यकाळ. कानडी आणि तमिळ शिलालेखांत त्याचे नाव कन्नरदेव असे येते. आपल्या नांदेड जिल्ह्यातले कंधार हे त्याच्या काळातले वैभवशाली नगर. नांदेडहून लोह्यामार्गे कंधारला गेले की खंदकाने वेढलेला भुईकोट दिसतो. जवळच जगत्तुंग सागर नावाचा जुना तलाव आहे. कंधारला सापडलेल्या कृष्णाच्या काळातल्या शिलालेखात तिथली देवळे, तिथली दानाची व्यवस्था आणि हा जगत्तुंग समुद्र यांचा उल्लेख आहे. तलावाचे नाव लक्षात ठेवावे, कारण जगत्तुंग हे या घरातले लाडके नाव. कृष्णाच्या आजोबांचे ते नाव होते, धाकट्या भावाचे होते, आणि त्याही आधी गोविंद तिसरा या विख्यात पूर्वजाचे ते बिरुद होते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत त्या घराने इतकी पाळली, की वंशावळ वाचताना डोके गरगरते. वाचकांनी म्हणूनच नावांपेक्षा नात्यांकडे लक्ष ठेवावे, तेच सोपे आहे.

या घराण्याच्या वैभवाची सुरुवातच एका लग्नाने झाली, आणि तेही सरळ मार्गाने झालेले नव्हे. आठव्या शतकात इंद्र नावाच्या राष्ट्रकूट सरदाराने गुजरातेत खेड्याला भर लग्नमंडपातून भवनागा नावाची चालुक्य राजकन्या पळवून आणली. शास्त्रात या प्रकाराला राक्षसविवाह म्हणतात. ही हकीकत शत्रूने लिहिलेली नाही. इंद्राच्याच वंशातल्या अमोघवर्षाने ८७१ साली दिलेल्या संजाणच्या ताम्रपटात ती अभिमानाने कोरली आहे. या भवनागेचा मुलगा दंतिदुर्ग. त्याने ७५३च्या सुमारास चालुक्यांची सत्ता उलथून टाकली. आईच्या कुळाचे राज्य मुलाने घेतले. पुढे दोनशेवीस वर्षांनी याची परतफेड कशी झाली, ते शेवटी येईलच.

राज्य स्थिरावल्यावर सोयरिकी रीतसर होऊ लागल्या. उत्तरेला नर्मदेकाठी त्रिपुरीला, म्हणजे आजच्या जबलपूरजवळ, कलचुरी किंवा चेदी राजे होते. कृष्णाच्या पणजोबांनी, म्हणजे कृष्ण दुसरा याने, चेदींच्या कोकल्ल राजाची मुलगी केली. त्यांचा मुलगा जगत्तुंग. या जगत्तुंगाला कोकल्लाच्या मुलाच्या, शंकरगणाच्या, दोन मुली दिल्या, लक्ष्मी आणि गोविंदाम्बा. म्हणजे मामाच्याच मुली. जगत्तुंगाचा मुलगा इंद्र तिसरा, त्यालाही चेदी घरातलीच विजाम्बा. दुसरा मुलगा बद्दिग, त्याला चेदी राजा युवराजदेवाची मुलगी कुंदकदेवी. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क हे आपण अजूनही खेड्यापाड्यांत ऐकतो. मान्यखेटाच्या वाड्यात हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या बजावला गेला. त्या वाड्यातल्या सासवा-सुना मूळच्या आत्या-भाच्या असल्यामुळे स्वयंपाकघरात तरी नर्मदेकाठची चव कायम राहिली असेल, असे आपले माझे अनुमान.

दक्षिणेकडे मात्र अशाच एका नात्याने कलह पेरून ठेवला होता. कृष्ण दुसरा याची एक मुलगी चोळ राजा आदित्य याला दिली होती. तिला मुलगा झाला, त्याचे नाव आजोबांवरून कन्नरदेव. पण आदित्यानंतर तंजावरच्या गादीवर बसला परांतक, म्हणजे सवतीचा मुलगा. नातवाचा हक्क डावलला म्हणून आजोबा सैन्य घेऊन निघाले. ९११च्या आसपास वल्लाळच्या लढाईत त्यांचा पराभव झाला. नातवाला गादी मिळाली नाहीच, वर नामुष्की पदरी आली. या पराभवाचे शल्य घराण्यात दोन पिढ्या ठसठसत राहिले असावे.

आता आपल्या कृष्णाकडे येऊ. गादी खरे म्हणजे त्याच्या वाट्याला येणारच नव्हती. आजोबा जगत्तुंग राज्यावर न बसताच वारले, म्हणून थोरला चुलता इंद्र तिसरा गादीवर आला. त्याने थेट कनौजपर्यंत धडक मारली. त्याच्या मागे त्याचे मुलगे. त्यांतला थोरला वर्षभरात संपला आणि धाकटा गोविंद चौथा ९३०मध्ये राजा झाला. या गोविंदाविषयी लोक काय बोलत होते ते त्याच्या स्वतःच्या ताम्रपटावरून कळते. सांगलीला मिळालेल्या ९३३ सालच्या ताम्रपटात तो आवर्जून सांगतो, की सामर्थ्य असूनही आपण थोरल्या भावाशी क्रूरपणे वागलो नाही. कोणी विचारले नसताना माणूस असा खुलासा करू लागला की शंका अधिकच बळावते. सरदार कंटाळले होते. विलासात बुडालेला राजा आणि नाराज नातेवाईक, एवढे उठावाला पुरेसे होते.

उठाव झाला तो नातेवाइकांकडूनच. आघाडीवर होता वेमुलवाड्याचा चालुक्य सरदार अरिकेसरी. वेमुलवाडा आज तेलंगणात आहे, पण या घराण्याचे जुने ठाणे बोधन हे नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागूनच. अरिकेसरीची आई जाकव्वे ही इंद्र तिसरा याची बहीण, आणि त्याच्या राण्याही राष्ट्रकूट राजकन्याच. म्हणजे गोविंद त्याचा मामेभाऊ आणि बद्दिग त्याचा मामा. भाच्याने मामेभावाला खाली खेचले आणि वयस्क मामाला गादीवर बसवले. कानडीचा आदिकवी पंप हा या अरिकेसरीच्या पदरी होता. त्याने भारतकथा लिहिताना आपल्या धन्यालाच अर्जुन कल्पिले, आणि हे सत्तांतरही त्या काव्यात येते.

दुसरा आधार होता सासुरवाडीचा. पडत्या काळात बद्दिग त्रिपुरीला चेदींच्या आश्रयाला होता. राजशेखर कवीने युवराजदेवाच्या दरबारासाठी एक संस्कृत नाटिका लिहिली. तीत कुंतल देशाचा परागंदा राजा आश्रयाला येतो. ही पार्श्वभूमी बद्दिगाचीच आहे, असे नागपूरचे महामहोपाध्याय मिराशी यांचे मत होते. सासऱ्यांनी जावयाला ठेवून घेतले, सांभाळले आणि सैन्य देऊन परत पाठवले, असा त्याचा अर्थ.

तिसरा आधार कृष्णाच्या बहिणीच्या लग्नातून आला. ही कृष्णाची थोरली बहीण, रेवकनिम्मडी. म्हैसूरकडे तलकाडला पश्चिम गंगांचे राज्य होते. तिथला धाकटा राजपुत्र बूतुग याला रेवक दिली. सोबत आंदण म्हणून पुलिगेरे तीनशे, बेळवोल तीनशे, किसुकाड सत्तर आणि बागेनाड सत्तर असे चार प्रदेश दिले. हे आकडे त्या काळी प्रदेशाच्या नावाला चिकटलेले असत, त्यावरून प्रांताचा लहानमोठेपणा कळे. आज तो भाग गदग-धारवाड-बागलकोटच्या आसपास येतो. आपल्याकडे लेकीला भांडीकुंडी आणि फार तर एखादी गाय आंदण देतात. या लेकीबरोबर चार प्रांत गेले.

पण बूतुग काही गादीवर नव्हता. तिथे त्याचा थोरला भाऊ राचमल्ल होता. कृष्णाने मेहुण्याला सैन्याची मदत केली, राचमल्ल मारला गेला आणि बूतुग राजा झाला. बहीण राणी झाली ती दिराच्या रक्ताचे शिंपण होऊन. त्या घरातल्या बायकांनी हे कसे पचवले असेल? ताम्रपट याविषयी गप्प आहेत. पण बूतुगाची थोरली बहीण पाम्बब्बे हिने केशवपन करून जैन आर्यिकेची दीक्षा घेतली, तीस वर्षे तपश्चर्या केली आणि ९७१मध्ये देह ठेवला, असे कडूरच्या शिलालेखावरून कळते. राजवाड्यात जन्मून तीस वर्षे उपासतापासात काढणारी ही बाई कोणत्या दुःखाने बाहेर पडली, कोण जाणे. मला मात्र तो शिलालेख भावाभावांच्या लढायांच्या बाजूला ठेवून वाचावासा वाटतो.

बद्दिगाचे राज्य तीनएक वर्षांचे. तो धर्मशील गृहस्थ होता. कारभार आणि तलवार कृष्णाच्याच हाती होती. ९३९मध्ये कृष्ण राजा झाला. पुढच्याच वर्षी, ९४०मध्ये, त्याने दिलेला एक ताम्रपट वर्धा जिल्ह्यात देवळीला सापडला. नागपूर-नंदिवर्धन भागातल्या एका गावाचे ते दान आहे, आणि नागपूर हे नाव इतक्या जुन्या काळी तिथेच आढळते. पण मला त्या दानाचे निमित्त अधिक मोलाचे वाटते. कृष्णाचा धाकटा भाऊ जगत्तुंग नुकताच वारला होता. प्राणाहून प्रिय अशा त्या भावाच्या पुण्यासाठी राजाने गाव दान दिले. ज्या घरात भावाने भावाला गादीवरून खेचल्याची कुजबुज होती, त्याच घरातला हा राजा. राज्य नवे, शत्रू चहूबाजूंनी, आणि हा मेलेल्या भावाच्या नावाने पाणी सोडतो आहे. कृष्णाच्या चरित्रात असा मऊ क्षण दुसरा सापडत नाही.

कारण याच कृष्णाने सासुरवाडीवर तलवार उगारली. चेदींनी त्याच्या बापाला आसरा दिला होता. त्याची आई चेदी घरातली आणि बायकोही त्याच घरातली. तरीही त्याने चेदी राजाचा पराभव केला. त्याच्या प्रशस्तीकाराने ही गोष्ट लपवलेली नाही. आईच्या आणि पत्नीच्या नात्याने जो वडीलधारा होता त्यालाही याने जिंकले, असा तो तिचा गौरवच करतो. भांडण नेमके कशावरून झाले याची चर्चा इतिहासकार करोत. कालंजर आणि चित्रकूट या उत्तरेतल्या किल्ल्यांवर कृष्णाचा डोळा होता आणि तिकडची वाट चेदींच्या मुलखातून जात होती, एवढे नकाशावर बोट ठेवले तरी दिसते. मैहरजवळ जुरा गावी कृष्णाची कानडी प्रशस्ती कोरलेला दगड मिळाला आहे, इतक्या आत त्याचा हात पोचला होता. पण चार पिढ्यांचे माहेर-सासर या एका मोहिमेने तुटले. माझ्या मते कृष्णाच्या आयुष्यातली ही सर्वांत महाग पडलेली लढाई. तिचे देणे त्याला स्वतःला चुकवावे लागले नाही, मागच्यांना लागले.

गंगांचे नाते मात्र उलट घट्ट होत गेले. चोळांचा जुना हिशेब बाकी होताच. ९४९मध्ये तक्कोलम या ठिकाणी, आजच्या तमिळनाडूत अरक्कोणमजवळ, दोन्ही सैन्ये भिडली. चोळांचा सेनापती होता युवराज राजादित्य, परांतकाचा मुलगा. ज्या कन्नरदेवाचा हक्क डावलला गेला होता, तो या राजादित्याचा सावत्र चुलता. म्हणजे खोलात गेले तर हेही भाऊबंदकीचेच भांडण. हत्तीवर बसून लढणाऱ्या राजादित्याला बूतुगाने ठार केले. चोळांच्या नोंदींत राजादित्य हत्तीच्या पाठीवर वीरमरण आलेला म्हणून गौरवला गेला. कृष्णाने कांची आणि तंजावर घेणारा असे बिरुद लावले, उत्तर तमिळ मुलूख ताब्यात ठेवला, आणि रामेश्वरला विजयस्तंभ उभारल्याचे त्याचे ताम्रपट सांगतात. पणजोबांच्या पराभवाचे उट्टे निघाले. मेहुण्याला बक्षीस मिळाले बनवासी बारा हजारचा मोठा प्रांत. आंदणात दिलेले ते चार प्रदेशही त्याच्याकडेच राहिले.

या लढाईची आठवण मंड्य जिल्ह्यातल्या आतकूरच्या ज्या शिळेवर कोरली आहे, ती शिळा खरे तर एका कुत्र्याची आहे! बूतुगाचा मणलेर नावाचा एक शूर शिलेदार होता. लढाईनंतर धन्याने काय हवे ते माग म्हटल्यावर त्याने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने काळी नावाची धन्याची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे ती एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. मणलेराने तिच्या नावाने देवळापुढे शिळा उभारली, जमीन लावून दिली आणि पूजेची सोय केली. सम्राटांच्या विजयाची तारीख आपल्याला एका कुत्रीमुळे पक्की कळते.

लढाया आणि सोयरिकी यांतून वेळ काढून राज्य चालतही होते. विजापूरकडे, आपल्या सोलापूरच्या सीमेजवळ, साळोटगी गावी कृष्णाचा मंत्री नारायण याने ९४५मध्ये विद्यालयासाठी वास्तू उभारली. तिथे देशोदेशीचे विद्यार्थी येत आणि त्यांच्या राहण्यासाठी सत्तावीस वसतिगृहे होती. लातूर पॅटर्नची आणि तिथल्या खोल्या-खानावळींची कीर्ती ऐकणाऱ्यांना हा आकडा वाचून मौज वाटेल. मान्यखेटात पुष्पदंत हा कवी अपभ्रंश भाषेत महापुराण रचत होता. ही अपभ्रंश आपल्या मराठीच्या आधीच्या पिढीची, तेव्हा ती आपल्या नात्यातलीच म्हणायची.

आता पुढची पिढी. रेवक आणि बूतुग यांना मरुळदेव नावाचा मुलगा झाला. त्याला कृष्णाने आपली मुलगी बिज्जब्बे दिली. भाच्याला मामाची मुलगी, पुन्हा तोच रिवाज. बहिणीला दिलेला मुलूख लेकीच्या घरात राहिला. कृष्णाच्या मुलाला बूतुगाची मुलगी केली. म्हणजे दोन्हीकडून देणेघेणे, साटेलोटेच. त्या मुलाचा मुलगा इंद्र.

परभणीला सापडलेल्या ९६६ सालच्या ताम्रपटात वेमुलवाड्याच्या धाकट्या अरिकेसरीने सोमदेवसूरी या जैन पंडिताला गाव दिल्याची नोंद आहे. हा सोमदेव यशस्तिलक या ग्रंथाचा कर्ता. कृष्ण दक्षिणेत मेलपाटीच्या छावणीत होता तेव्हा, ९५९मध्ये, आपला ग्रंथ पुरा झाल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. ९६६पर्यंत म्हणजे वेमुलवाड्याचे आप्त कृष्णाचे मांडलिकत्व मानून सुखाने नांदत होते.

योगायोग असा, की परभणीचा हा ताम्रपट कोरला जात होता त्याच सुमारास तिकडे युरोपात पोलंडच्या राजवंशाची मांडणी अशाच एका लग्नाने चालली होती. तिथल्या मिएश्को राजाने ९६५मध्ये बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक देशातली, राजकन्या दोब्रावा केली आणि पुढच्याच वर्षी ख्रिस्ती धर्म घेतला. ९७७मध्ये दोब्रावा वारली. पंधरा वर्षांच्या आत जावई आणि सासुरवाडी एकमेकांवर चालून गेले. त्याच वंशातल्या बोलेस्लावने ११३८मध्ये मृत्युसमयी राज्य मुलांत वाटून दिले, आणि पुढे दीड-दोनशे वर्षे चुलत-मावस भाऊ एकमेकांच्या मुली करीत आणि एकमेकांचे किल्ले घेत राहिले. हवामान वेगळे, देव वेगळे, भाऊबंदकी तीच.

९६७च्या प्रारंभी कृष्ण वारला. गादी मुलाच्या वंशाकडे न जाता भावाकडे, खोट्टिगाकडे गेली. हा कुंदकदेवीचा मुलगा. पाचच वर्षांत, ९७२मध्ये, माळव्याचा परमार राजा सीयक नर्मदा ओलांडून आला आणि त्याने मान्यखेट लुटले. पुष्पदंताने त्या उद्ध्वस्त नगरीबद्दल शोक केला आहे. तिकडे माळव्यात, धारा नगरीत, धनपाल नावाचा पंडित आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, प्राकृत शब्दांचा कोश रचत होता. मान्यखेट लुटले गेले त्या साली हा कोश पुरा केला, असे तो लिहून ठेवतो. इकडे वाडे जळत होते, तिकडे भाऊ बहिणीला शब्द शिकवत होता.

या प्रसंगी चेदी मदतीला आले नाहीत. कशाला येतील? उलट चेदींच्याच एका लेकीच्या पोटी राष्ट्रकूटांचा काळ जन्माला आला होता. चेदी राजा लक्ष्मणराजाची मुलगी बोंथादेवी ही कुंदकदेवीची भाची, म्हणजे खोट्टिगाची मामेबहीण. ती विक्रमादित्य नावाच्या एका चालुक्य सरदाराला दिली होती. त्यांचा मुलगा तैलप. हा तैलप कृष्णाच्याच पदरी वाढला, ९६५मध्ये विजापूरकडचा तर्दवाडीचा प्रांत त्याच्याकडे होता. त्याची बायको जाकव्वे ही राष्ट्रकूट कुळातल्या भम्महाची मुलगी. आई खोट्टिगाच्या आजोळची, बायको राष्ट्रकूटांच्याच भाऊबंदांतली. खोट्टिगाच्या मागे पुतण्या कर्क गादीवर बसला होता. ९७३मध्ये तैलपाने त्याचा पराभव केला आणि राज्य घेतले. तो स्वतःला बदामीच्या चालुक्यांचा वंशज म्हणवीत असे. मंडपातून पळवलेल्या भवनागेच्या मुलाने चालुक्यांचे राज्य घेतले होते, ते राष्ट्रकूटांच्या जावयाने परत घेतले.

आणि गंग? ते उभे राहिले. बूतुग तेव्हा हयात नव्हता. रेवकेचा मुलगा मरुळदेवही नव्हता. गादीवर होता मारसिंह, बूतुगाचाच मुलगा, पण रेवकेचा नव्हे, दुसऱ्या राणीचा. त्याचे राष्ट्रकूटांशी आईकडून काहीच नाते नव्हते. पण कृष्णाचा नातू इंद्र हा त्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. सगळे आप्त दूर झाले असताना या मामाने भाच्याच्या मस्तकावर राष्ट्रकूटांचा मुकुट ठेवण्यासाठी तलवार उपसली. जमले नाही. ९७५च्या सुमारास बंकापूरला अजितसेन गुरूंच्या चरणी मारसिंहाने सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडून शांतपणे देह ठेवला.

भाचा त्यानंतर काही वर्षे जगला. राज्य नव्हते, सैन्य नव्हते. मारसिंहाचा मंत्री चावुंडराय श्रवणबेळगोळच्या डोंगरावर गोमटेश्वराची ती प्रचंड मूर्ती घडवून घेत होता, जिच्या पायाशी मराठीतला एक फार जुना शिलालेख आहे, तो हाच काळ. त्याच श्रवणबेळगोळला २० मार्च ९८२ रोजी इंद्रानेही सल्लेखना घेऊन प्राण सोडले. तिथे त्याची आठवण कोरलेली आहे. लट्टलूरच्या घराण्यातल्या या शेवटच्या वारसाची ओळख करून देताना कोरणाऱ्याला सांगण्याजोगे राज्य उरले नव्हते. त्याने नाती सांगितली: कृष्णराजाच्या मुलाचा मुलगा, गंगराज बूतुगाच्या मुलीचा मुलगा आणि राजचूडामणीचा जावई.